हिरवा मोहल्ला

चौदा नंबरच्या फाटकासमोर झाडलेलं नव्हतं.

सनोबर दोन पावलं पुढे गेली होती, ती थांबली आणि मागे वळून पाहू लागली. बाकी सगळी गल्ली ओली होती. प्रत्येक फाटकासमोर पहाटेच झाडून, बादलीभर पाणी शिंपडून झालं होतं आणि मातीचा तो ओला, गार वास अजून हवेत होता. तासाभरात जूनचं ऊन तो पिऊन टाकणार होतं. चौदा नंबरसमोर मात्र झाडावरून काल दिवसभर गळलेल्या तुती तशाच पडल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली चिरडून त्यांचे जांभळे डाग झाले होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. गोष्ट एवढीशीच, पण सनोबर तिथून हलली नाही. ताश्कंदच्या या जुन्या भागात घरासमोरची जागा सून झाडते, सगळ्यांच्या आधी उठून झाडते, आणि कुठली सून कशी झाडते हे वाचायला सनोबर अकरा वर्षांत शिकली होती. मोहल्ल्याच्या कचेरीत बायकांच्या घरगुती बाबी तिच्याकडे असत. सगळी गल्ली तिला ओपा, म्हणजे ताई म्हणे. लोकांना वाटे, ओपाला कुणीतरी येऊन चुगल्या करतं. चुगल्यांची तिला गरजच नव्हती. रोज सकाळी कचेरीत जाताना फाटकांसमोरच्या मातीवर झाडूचे फराटे दिसत. नव्या सुनेचे फराटे दाट, एकमेकांना चिकटून असत. माहेरी जाऊन आलेलीचे लांब आणि सैल. रात्री भांडण झालं असेल तर झाडू इतका दाबून फिरवलेला असे की मातीत चरे पडत. चौदा नंबरची ओयदिन चार वर्षांपूर्वी सून म्हणून आली तेव्हापासून तिथली जागा एकदाही चुकली नव्हती. मुलगी झाल्यावर बाराव्या दिवशी ती पोरगी हातात झाडू घेऊन बाहेर उभी होती, आणि सनोबरने तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

आजारी असेल, असं सनोबरने स्वतःला सांगितलं आणि फाटकाची कडी वाजवली. पलीकडे चपलांचा फटफट आवाज आला. सासू सोलिहाने फाटक हातभर उघडलं आणि त्या हातभर जागेत ती स्वतः उभी राहिली.

"अगंबाई, सनोबर! ये ना, ये. चहा तयार आहे, नान आत्ताच आणलेत."

आत यायला मात्र मुंगीलाही वाट नव्हती. सनोबर म्हणाली, "चहा नंतर घेईन, सोलिहा-ओपा. ओयदिन कुठाय? बाहेर झाडलेलं दिसलं नाही."

"अगं, काय सांगू तुला! काल संध्याकाळी पडली. छपरावर जर्दाळू वाळत घालायला चढली होती, पाय घसरला. किती वेळा सांगितलं, रबरी चपला घालून चढू नकोस म्हणून. ऐकतात का आजकालच्या? इस्पितळात नेलंय बोतिरने. हात मोडलाय, बरगड्यांना लागलंय. देवाची कृपा, जीव वाचला."

"आणि मुलगी?"

"ती आत आहे, झोपलीय. तू काही काळजी करू नकोस."

सोलिहाची नजर सनोबरच्या खांद्यावरून गल्लीत फिरत होती. सनोबरनेही नकळत वर पाहिलं. चौदा नंबरच्या भिंतीवरून जर्दाळूचं झाड बाहेर झुकलेलं होतं. झाड हिरवंगार होतं आणि त्याच्यावर एकही फळ नव्हतं. मार्चअखेर अवचित हिम पडलं आणि त्या दोन रात्रींत शहरातला सगळा जर्दाळूचा मोहोर जळून गेला. बाजारात यंदा जर्दाळू औषधालाही नव्हते. दरवर्षी जूनमध्ये सगळ्या छपरांवर नारिंगी गालिचे पसरलेले दिसत, यंदा सगळी छपरं बोडकी होती. सोलिहाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. घाईघाईत तिने दर जूनला खपून जाणारं कारण उचललं होतं. खोटं बोलायचं तर निदान या वर्षीचं तरी बोलावं, असा एक तिरपा विचार सनोबरच्या मनात येऊन गेला आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. ती म्हणाली, "बरं, मी जाऊन बघून येते तिला." आणि फाटक मिटलं.

कचेरीपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा होता, पण आज तो संपेना. कारण तिला मार्च आठवत होता, नवरोझच्या आदल्या दिवसाची ती दुपार. कचेरीच्या अंगणात मोठ्या कढईत गव्हाच्या कोंबांचं सुमलक शिजत होतं, बायका पाळीपाळीने लाकडी उलथनं फिरवत होत्या, कुणीतरी डफ वाजवत होतं. ओयदिन कडेवर मुलगी घेऊन फाटकातून आली. ओठ फुटलेला, त्यावर तिने लिपस्टिक लावली होती, म्हणजे दुरून दिसू नये. सनोबरची ढवळायची पाळी होती. सोडलं तर खाली लागलं असतं, म्हणून एका हाताने ढवळत ढवळतच तिने ऐकून घेतलं. ओयदिनने रडून गोंधळ घातला नाही, हेच तिला विशेष वाटलं होतं. ती पोरगी मोजक्या शब्दांत म्हणाली, "ओपा, मला फौजदाराकडे जायचंय. वाट तुम्ही दाखवा." आणि सनोबर म्हणाली होती, "सणाच्या दिवशी?" बस्स, एवढंच ती प्रथम म्हणाली होती, आज तीन महिन्यांनी तेच वाक्य तिच्या कानात वाजलं. मग तिने चहा दिला, मुलीच्या हातात बेदाणे ठेवले, आणि आपली ती नेहमीची गोष्ट सांगितली. मीही भोगलंय गं. माझा तोलिब काही देवमाणूस नव्हता. पण मी धीर धरला, आणि शेवटी तो मऊ झाला. शेवटच्या वर्षांत माझ्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हता. आज मान आहे, मुलगा आहे, सून आहे. संध्याकाळी तिच्या नवऱ्याला, बोतिरला बोलावलं. सगळ्यांसमोर नान मोडला, त्याने नानवर हात ठेवून शपथ घेतली, डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं. ओयदिनने सनोबरने सांगितलं तसं लिहून दिलं की माझी काही तक्रार नाही. अक्षर फार सुरेख होतं तिचं, लग्नाआधी परिचारिकेचं शिक्षण अर्धं झालं होतं. लिहून झाल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "तारीख आजची घालू ना?" मग सनोबर तिला घरी पोचवायला गेली आणि चौदा नंबरचं फाटक तिने आपल्या हाताने ढकललं. त्या रात्री सनोबरला गाढ झोप लागली होती.

कचेरीत मिरवाली-आका नकाशासमोर उभे होते. हे मोहल्ल्याचे प्रमुख, वय बासष्ट, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे भिंतीवर नकाशा असला की त्यांना बरं वाटे. चार वर्षांनी मोठे, म्हणून सनोबर त्यांना आका, म्हणजे दादा म्हणे, पण सगळ्यांसारखे तेही तिला ओपाच म्हणत. तालुक्याच्या त्या नकाशावर प्रत्येक मोहल्ल्याला एक रंग होता. जिथे गुन्हे जास्त तो लाल, जिथे थोडे तो पिवळा आणि जिथे सहा महिन्यांत एकही गुन्हा नाही तो हिरवा. त्यांचा मोहल्ला हिरवा होता आणि आज जूनचा शेवटचा दिवस होता.

"या ओपा, या! आज संध्याकाळी सहापर्यंत श्वास रोखून धरायचा. उद्यापासून शिंकलात तरी चालेल."

सनोबर बसली नाही. म्हणाली, "मिरवाली-आका, ओयदिन इस्पितळात आहे."

त्यांचा चेहरा पडला. म्हणजे त्यांना माहीत होतं. ते खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि टक्कल चोळू लागले. "हो. सकाळी फौजदाराचा फोन आला होता. इस्पितळाने कळवलंय, त्यांना कळवावंच लागतं. तो जबाब घ्यायला जाणार आहे अकराला. पोरगं चांगलं आहे, घाई करत नाहीये. म्हणाला, पडल्याचं असेल तर प्रश्नच नाही."

"ती पडलेली नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"यंदा जर्दाळू कुठे आहेत, आका?"

मिरवाली-आकांनी खिडकीबाहेर पाहिलं, जणू तिथे जर्दाळू असतील तर बरं होईल. मग हळू आवाजात म्हणाले, "ओपा, मला काय दगडाचं काळीज आहे? माझ्यापण तीन मुली दिल्या आहेत लोकांच्या घरी. पण तुम्ही पाटाकडच्या त्या अंधाऱ्या वाटेचा विचार करा. हिरवा राहिला तर तिथे चाळीस दिवे. चाळीस! खांबांसकट. पिवळा झाला तर पुढच्या वर्षी बघू म्हणतील, आणि पुढच्या वर्षी नवा साहेब येईल. फेब्रुवारीत त्या विद्यार्थिनीला ओढलं तिथे, एप्रिलमध्ये म्हाताऱ्या नायबाची पिशवी नेली. तुमच्या मफ्तुनाचं काय झालं, सांगायला हवं का मी?"

सांगायला नको होतं. मफ्तुना ही सनोबरची सून. पाटाकडच्या काळोख्या वाटेने बस थांब्यावरून येताना दोघांनी तिचा फोन हिसकावला आणि कानातलं ओढलं. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटली. रक्ताने माखलेला रुमाल धरून ती घरी आली तेव्हा सनोबरनेच टाके घालून आणले आणि सनोबरच म्हणाली, "जाऊ दे बाई, कानातलंच गेलं." ते कुठेही लिहिलं गेलं नाही. नायबाची पिशवी लिहिली गेली नाही. ती विद्यार्थिनी खोली सोडून निघून गेली, तेही लिहिलं गेलं नाही. न लिहिलेल्या त्या सगळ्या गोष्टींवर हा हिरवा रंग चढला होता आणि तो टिकला म्हणजे दिवे मिळणार होते, दिवे आले म्हणजे त्या गोष्टी होणार नव्हत्या. सनोबरने हा हिशोब अनेकदा मनात मांडला होता आणि दर वेळी तो बरोबर आला होता. आजही त्यात चूक सापडेना. तिने विचारलं, "मग मी काय करू म्हणता?"

"तुम्ही जा तिच्याकडे. ती तुमचं ऐकते. मी दुसरं काहीच म्हणत नाही." मग ते थांबले आणि म्हणाले, "आणि फळं घेऊन जा काहीतरी. टरबूज नको, जड होतं."

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. गुडघ्यांवर चेरींची पिशवी, नाकात डिझेलचा आणि शेजारच्या बाईच्या बडीशेपेच्या जुडीचा वास. बाहेर चिनारांच्या रांगा सरकत होत्या आणि ती तोलिबच्या आठवणी उकरत होती. तिला एकच गोष्ट नीट आठवून पाहायची होती, तो थांबला नेमका कधी? अकरा वर्षं ती हे सांगत आली होती. किती सुनांना सांगितलं असेल, शंभर, सव्वाशे? धीर धरला आणि तो मऊ झाला. पहिलं वर्ष तिला लख्ख आठवत होतं. आईकडे ती पळून गेली होती, अंगावर घरातलेच कपडे. आईने तिला पोटाशी धरलं, न्हाऊ घातलं, मटण भरून सामसे भाजले, आणि चौथ्या दिवशी त्याच सामशांची पुरचुंडी हातात देऊन तिला परत आणून सोडलं. आई वाटेत एक शब्द बोलली नाही. पुरचुंडी गरम होती, तिचा तो पोटाला लागणारा ऊबदार भार अजूनही सनोबरला जाणवला. त्यानंतरची वर्षं एकमेकांत मिसळून गेली होती. सार्दोर झाला, मग दोन मुलं झाली आणि गेली, मग वर्कशॉपमधला पगार वाढला, घराला पत्रे बसले. मधेमधे त्या रात्री. मग एक हिवाळा. सकाळी तोलिब उठला तेव्हा त्याच्या हातातून चहाची वाटी पडली. उचलायला गेला तर पुन्हा पडली. त्याचा उजवा हात गेला होता. सहा महिने मालिश केली, काही फरक पडला नाही. त्यानंतर तो मऊ झाला.

तिने हे वाक्य मनात पुन्हा एकदा म्हटलं, त्यानंतर तो मऊ झाला. बस सिग्नलला थांबली होती. कुणीतरी चालकाला ओरडत होतं, मागचं दार उघड म्हणून. सनोबरला वाटलं की आपण आत्ता उठून सगळ्यांना सांगावं, अहो, त्याचा हात गेला होता, एवढंच झालं होतं, दुसरं काही झालं नव्हतं. तो बदलला नव्हता, त्याचा उजवा हात लुळा पडला होता. अकरा वर्षं ती ही गोष्ट सांगत होती आणि गोष्टीतून तो हात तिने गाळला होता. मुद्दाम गाळला होता का? नाही. देवाशप्पथ नाही. तो तिच्या मनातूनच गळून गेला होता, कारण सगळे तिला म्हणत, सनोबर-ओपाने संसार तारला, आणि तारलेल्या संसारात लुळ्या हाताला जागा नव्हती. तिला तोलिबचा राग आला नाही. सहा वर्षांपूर्वी तिने त्याला आपल्या हातांनी शेवटचं न्हाऊ घातलं होतं. तिला भयंकर राग आला तो चहा देणाऱ्या, बेदाणे देणाऱ्या, कढई ढवळता ढवळता ऐकणाऱ्या त्या बाईचा. इस्पितळाचा थांबा येईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं, आज खरं लिहायचं. मोहल्ला पिवळा होवो, लाल होवो. पोरीने जे घडलं ते सांगावं आणि आपण खाली साक्षीदार म्हणून सही करावी. इतका साधा निर्णय, आणि तो झाल्यावर तिला पायांत बळ आल्यासारखं वाटलं. ती बसमधून जवळजवळ उडी मारूनच उतरली.

खोलीत आठ खाटा होत्या. ओयदिन खिडकीकडच्या खाटेवर होती. डावा हात प्लास्टरमध्ये, जबडा एका बाजूने सुजून चेहऱ्याचा आकारच बदललेला. सनोबरला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला, मोठं माणूस आलं म्हणून, आणि कळ येऊन परत टेकली. खाटेशेजारी स्टुलावर फौजदार बसला होता, तिशीतला, मांडीवर टोपी, टोपीवर कागद.

"बरं झालं ओपा, तुम्ही आलात. ही काही बोलतच नाहीये. मला बाराला दुसरीकडे जायचंय."

"बाळा, जरा बाहेर उभा राहतोस? बायकांचं बोलणं आहे."

फौजदार हसला आणि उठून दाराबाहेर गेला. सनोबरने चेरी उशाशी ठेवल्या, स्टुलावर बसली आणि ओयदिनचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो गार आणि कोरडा होता. म्हणाली, "ओयदिन, मी चुकले. मार्चमध्ये मी चुकले. आज तू खरं सांग. सगळं. मी इथे बसते, हलत नाही."

ओयदिन तिच्याकडे बघत राहिली. एक डोळा सुजेने अर्धा मिटला होता, पण दुसरा अगदी शांत होता. जबडा न हलवता ती म्हणाली, "सांगितलं तर काय होईल?"

"त्याला पकडतील."

"किती दिवस?"

"पंधरा दिवस. हात मोडलाय म्हणजे जास्तही. खटला होईल."

"मग?"

"मग... बायकांसाठी एक आसरा आहे शहरात. महिनाभर ठेवतात. मुलीसकट."

"मग?"

ओयदिनचे वडील नव्हते. जिझाखकडे मामा होता, त्याने तिला दोनदा परत पाठवलं होतं, दुसऱ्यांदा तर बसचं तिकीटही आधीच काढून ठेवलं होतं. हे सनोबरला माहीत होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी नान चहात बुडवून खात होती, तिच्या हिरड्यांचा आवाज येत होता.

"ओपा," ओयदिन म्हणाली, "तुम्ही ठेवाल मला? तुमच्या घरी. मला आणि मुलीला." आणि सनोबर काही बोलायच्या आत घाईघाईने, "फुकट नाही राहणार. पहाटे उठायची सवय आहे मला. सगळं करीन. मफ्तुनाच्या बाळालाही बघीन. परिचारिकेचं राहिलेलं वर्ष पूर्ण केलं की जाईन. एक वर्ष, ओपा."

एवढं बोलून तिला दम लागला. आणि सनोबरच्या डोळ्यांसमोर तिची पाहुण्यांची खोली आली. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली. लाल गालिचा, भिंतीला काचेचं कपाट, त्यात न वापरलेल्या वाट्या, आणि कोनाड्यात छतापर्यंत रचलेल्या रंगीत गाद्या, एकोणीस गाद्या, सगळ्या पाहुण्यांसाठी. त्या खोलीत शेवटचं कोण झोपलं होतं? तोलिब गेल्यावर चाळिसाव्या दिवसाला नमंगानहून आलेले लोक. सहा वर्षं झाली. सार्दोर, मफ्तुना आणि बाळ एका लहान खोलीत दाटीवाटीने राहत होते, कारण पाहुण्यांची खोली ती पाहुण्यांची. जागा होती. गाद्या होत्या. घरात पीठ होतं. सनोबरला वाटलं की ती आता हो म्हणणार, तोंड उघडलंही तिने. पण त्या उघडलेल्या तोंडात बाकी सगळंही आलं. बोतिर चार फाटकं सोडून राहतो, तो रोज संध्याकाळी येऊन उभा राहील. सार्दोर रागीट आहे, एखाद्या दिवशी हातघाईवर येईल. सोलिहा गल्लीभर सांगत फिरेल की दुसऱ्यांची घरं जोडणारीने माझी सून पळवली. कचेरीतली खुर्ची जाईल. लोक म्हणतील, तरुण मुलगा घरात असताना परकी बाई ठेवली. मफ्तुना काय म्हणेल? यातलं एकही कारण खोटं नव्हतं. प्रत्येक कारण वजनदार आणि खरं होतं, आणि ती एकामागून एक येत असताना बाहेर कुठल्यातरी खोलीत कुणी खोकत होतं, म्हातारी घोट घेत होती, ओयदिनचा हात तिच्या हातांत होता आणि वेळ जात होता. किती वेळ गेला ते सनोबरला कळलं नाही. मग तिने स्वतःचा आवाज ऐकला.

"बघू गं. आधी तू बरी हो."

ओयदिनने मान हलवली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही, आश्चर्यही नाही. तिने आपला हात सनोबरच्या हातांतून हळूच सोडवून घेतला आणि चादरीवर ठेवला. दाराकडे तोंड करून, होता तेवढा आवाज काढून तिने हाक मारली, "आका, या. लिहा."

फौजदार आला, टोपी मांडीवर ठेवून त्याने पेन उघडलं.

"छपरावर जर्दाळू वाळत घालत होते," ओयदिन म्हणाली. "पाय घसरला."

पेन थांबलं. फौजदार याच शहरातला होता, त्याच्या आईच्या छपरावरही यंदा काही नसणार. त्याने ओयदिनकडे पाहिलं नाही, त्याने सनोबरकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर त्याला लिहिता आलं नसतं, हे त्या दोघांनाही कळलं. सनोबरने चेरींच्या पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. फौजदाराने मान खाली घालून वाक्य पूर्ण केलं, कागद तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "इथे, ओपा. साक्षीदार म्हणून."

तिने सही केली. निघताना ती ओयदिनला म्हणाली की उद्या येते, शोरबा घेऊन येते. ओयदिन म्हणाली, "कशाला त्रास घेता," अगदी सभ्यपणे, परक्या घरी बोलतात तसं.

सहाला मिरवाली-आकांचा फोन आला. हिरवा राहिला होता. जुलैत खांब येणार. ते आनंदाने बोलत होते आणि मधेच त्यांचा आवाज खाली आला, "पोरगी बरी आहे ना, ओपा?" सनोबर म्हणाली, बरी आहे. त्यांना ते ऐकून खरंच बरं वाटलं असावं. तिने फोन ठेवला आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं. बंद खोलीचा, लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला. पश्चिमेचं ऊन गालिच्यावर आडवं पडलं होतं. कोनाड्यातली वरची गादी तिने ओढली, मग दुसरी, मग तिसरी. खिडकीखाली एक बिछाना घातला, डाव्या बाजूला उशी जास्त, म्हणजे प्लास्टरचा हात ठेवता येईल. शेजारी गादी दुमडून एक लहान बिछाना केला. मग ती मागे सरून दोन्ही बिछान्यांकडे बघत उभी राहिली. काम झटपट झालं होतं, दोन मिनिटंही लागली नव्हती, आणि ते बघून तिला इतकं असह्य झालं की तिने भिंतीला हात टेकला.

"आई?" मफ्तुना दारात होती, कडेवर बाळ, केस नेहमीसारखे डाव्या कानावर ओढलेले. "पाहुणे येणार आहेत का? भात जास्त टाकू?"

"नाही."

मफ्तुनाने लहान बिछान्याकडे पाहिलं, मग मोठ्याकडे, मग सासूकडे. गल्लीत सकाळपासून सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं. सनोबर वाट बघत राहिली, मनापासून वाट बघत राहिली की हिने तरी ते बोलावं. पण मफ्तुना चांगल्या घरातली, चांगल्या वळणाची सून होती, आणि ते वळण सनोबरनेच लावलं होतं. तिने बाळाला गालिच्यावर ठेवलं, वाकून गादीची दोन टोकं उचलली आणि म्हणाली, "मग घड्या घालून ठेवू या ना, आई. धूळ बसेल."

सनोबरने पुढे होऊन दुसऱ्या बाजूची दोन टोकं धरली.